फाटक्या आवाजाची कुळकथा

1958 साली न्यू यॉर्क आणि बोस्टनसारख्या शहरांतल्या काही रेडिओ स्टेशनांनी ‘रम्बल’ नावाची रेकॉर्ड वाजवायला नकार दिला. ही ऐकून पोरं बिघडतील, रस्त्यावर मारामाऱ्या होतील, अशी भीती होती. रेकॉर्डमध्ये शब्द एकही नव्हता, साधा हुंकारही नव्हता. गिटार, बास आणि ड्रम एवढीच वाद्यं, चालही संथ, आणि सगळं अडीच मिनिटांच्या आत आटोपणारं. ‘रम्बल’ म्हणजे त्या वेळच्या पोरांच्या बोलीत टोळक्यांची मारामारी, त्यामुळे नावानं आगीत तेल ओतलं हे खरं. पण लोक दचकले ते गिटारच्या आवाजाला. तो आवाज फाटलेला होता, आणि ऐकणाऱ्याला कळत होतं की तो मुद्दाम फाडलेला आहे.

रात्री उशिराच्या रेडिओ कार्यक्रमासाठी गिटारच्या रेकॉर्डी निवडायच्या झाल्या तर माझा हात आधी हिच्याकडे जातो.

वाजवणारा लिंक रे, नॉर्थ कॅरोलिनातल्या डन गावचा. लष्करात असताना त्याला क्षय झाला आणि एक फुप्फुस गमवावं लागलं. गाणं जवळपास सुटलं, मग सगळा जीव गिटारमध्ये ओतला. व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्ग इथं तरुण मंडळींच्या नाचाच्या कार्यक्रमात त्याला ‘स्ट्रोल’ या नाचाची चाल वाजवायला सांगितली गेली. ती त्याला येत नव्हती. भाऊ डग यानं ड्रमवर ठेका धरला आणि लिंकनं सुचेल ते वाजवलं. दुसरा भाऊ व्हर्नन यानं गाण्याचा मायक्रोफोन उचलून ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी आणला. लोकांनी ते त्याच रात्री पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं. स्टुडिओत मात्र तो दांडगेपणा येईना, सगळं स्वच्छ आणि सभ्य वाटायला लागलं. तेव्हा लिंकनं एक पेन्सिल घेतली आणि ॲम्प्लिफायरच्या छोट्या स्पीकरांच्या कागदी पडद्यांना भोकं पाडली. केडन्स कंपनीचा मालक आर्ची ब्लेयर याला रेकॉर्ड आवडली नव्हती. त्याच्या सावत्र मुलीला ती आवडली म्हणून बाजारात आली, असं सांगतात. बंदी असूनही ती बिलबोर्डच्या यादीत 16 व्या क्रमांकापर्यंत चढली.

पण घराण्याचा मूळपुरुष लिंक रे नव्हे. त्याच्या सात वर्षं आधी, मार्च 1951 मध्ये, आयक टर्नरचा वाद्यवृंद मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलहून मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत निघाला होता. वाटेत गिटारवादक विली किझार्टचा ॲम्प्लिफायर खराब झाला. कुणी म्हणतं पावसात भिजला, कुणी म्हणतं गाडीवरून पडला. दुरुस्तीला वेळ नव्हता. फिलिप्सनं स्पीकरच्या फाटलेल्या पडद्यात कागद कोंबला, आवाज ऐकला आणि ध्वनिमुद्रण सुरू केलं. ‘रॉकेट 88’ ही ती रेकॉर्ड. तिच्यातली गिटार सॅक्सोफोनसारखी घोगरी, भरदार वाजते. ॲम्प्लिफायर तर रोज कुणाचा ना कुणाचा पडत असेल. फिलिप्सनं तो फाटका आवाज लाजिरवाणा मानला नाही, उलट रेकॉर्डमध्ये पुढे आणला, म्हणून ही वंशावळ सुरू झाली.

आवाज फाटतो म्हणजे काय होतं? विजेच्या गिटारची पोलादी तार चुंबकासमोर थरथरते आणि चुंबकाभोवतीच्या तारेच्या गुंडाळीत बारीकसा वीजप्रवाह उमटतो. ॲम्प्लिफायर तो वाढवतो, पण त्याचीही एक कमाल मर्यादा असते. त्यापलीकडे दामटलं की लहरीचे शेंडे छाटले जातात. गोल डोंगराचं पठार होतं. या छाटणीतून मूळ सुराच्या वरचे अनेक उपस्वर नव्यानं जन्माला येतात. खरखर, धार आणि भरणा तिथून येतो.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. साधी गिटार छेडली की सूर उमटताक्षणी ओसरू लागतो. गिटारला दमसास नाही; गायकाला, सारंगीला, सनईला तो आहे. शेंडे छाटले गेले की सुरुवातीचा जोर कापला जातो आणि मागचा क्षीण होत चाललेला भाग त्याच्या बरोबरीला येतो, त्यामुळे सूर टिकल्यासारखा वाटतो. फाटण्यानं गिटारला दमसास दिला. आता ती एकाच सुरावर थांबू शकत होती, त्याला हेलकावा देऊ शकत होती. पुढे दहा-दहा मिनिटं गायकाशिवाय गिटार ऐकायला लोक बसले, ते या एका देणगीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना यातलं मर्म समजावून सांगायला नको. तंबोऱ्याची घोडी ते कानसेनं अशी घासतात की तार तिच्या पृष्ठभागाला नुसती चाटून जावी, आणि मग तारेखाली सुताचा धागा तसूतसूनं सरकवत एक जागा शोधतात. त्या जागी येईपर्यंत तार कोरडी, ठणठणीत वाजते. जागा सापडली की एकाएकी उपस्वरांचा झोत उठतो, सूर लांबतो, गुंजतो. जवारी लागली म्हणतात ती हीच. झिम्बाब्वेतले कारागीर एम्बिरा या वाद्याला शिंपले किंवा बाटल्यांची झाकणं अडकवतात, तेही सुरासोबत झणझण यावी म्हणून. मेम्फिसचा मिरजेशी काही संबंध नाही. कानाची ओढ मात्र तीच आहे, आणि विजेच्या आधी कित्येक पिढ्या ती आहे.

आणखी एक साम्य मला फार मोलाचं वाटतं. फाटक्या आवाजात चार-पाच सुरांचा भरगच्च कॉर्ड वाजवला की उपस्वर एकमेकांत अडकून चिखल होतो. म्हणून रॉकच्या वादकांनी कॉर्डमधला मधला सूर काढून टाकला आणि षड्ज-पंचम तेवढे ठेवले. या जोडीचे उपस्वर एकमेकांत मिसळतात, भांडत नाहीत. तंबोरा षड्ज-पंचमात का लावतात, याचं उत्तर देणारे कान रॉक वाजवणाऱ्या लंडनच्या पोरांनाही होते.

हा आवाज पसरला मात्र रात्री. मध्यम लहरींवरचा रेडिओ दिवसा जवळपासच ऐकू येतो, कारण वातावरणातला एक खालचा थर त्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरून परावर्तित होतात आणि शेकडो मैल जातात. जुन्या रेडिओवर रात्री दूरची स्टेशनं शोधलेल्या माणसाला हे पाठ आहे. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएलएसी या ताकदवान स्टेशनावरून रात्री कृष्णवर्णीयांचं रिदम अँड ब्लूज लागायचं आणि अमेरिकेच्या निम्म्या भागात पोहोचायचं. जुलै 1951 मध्ये क्लीव्हलंडला ॲलन फ्रीडनं रात्री अकरानंतरचा आपला कार्यक्रम सुरू केला, तोही याच संगीताचा. दिवसा ज्या रेकॉर्डी गोऱ्या घरांत चालल्या नसत्या, त्या रात्री उशीखालच्या रेडिओवर पोरं ऐकत होती.

नॅशव्हिललाच पुढचा अपघात झाला. 1960 मध्ये ब्रॅडलींच्या स्टुडिओत मार्टी रॉबिन्स ‘डोन्ट वरी’ हे हळुवार कंट्री गाणं गात होता. ग्रेडी मार्टिन सहा तारांची बास गिटार वाजवत होता, आणि ती ज्या वाटेनं ध्वनिमुद्रणाच्या टेबलात जात होती तिथला ट्रान्सफॉर्मर बिघडला. मधल्या तुकड्यात अचानक भुंग्यासारखा गुरगुराट आला. तो तुकडा पुन्हा वाजवून घेणं सोपं होतं. पण विचारांती तोच ठेवला गेला आणि 1961 मध्ये गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. लोक त्या आवाजाची मागणी करू लागले. पुढे ते बिघडलेलं सर्किट पुरतं निकामी झालं, आणि ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याला बिघाडच नव्यानं बनवावा लागला. रेव्हिस हॉब्स याच्यासोबत त्यानं ट्रान्झिस्टरचं सर्किट जुळवलं आणि ते गिब्सन कंपनीकडे नेलं. 1962 मध्ये ‘मेस्ट्रो फझ-टोन’ बाजारात आला: पायानं दाबायचा पाचरीच्या आकाराचा डबा, आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर आणि टॉर्चमध्ये घालतात तसे दीड व्होल्टचे दोन सेल.

कंपनीनं तो विकला तो मात्र गिटारमधून ट्रम्पेट, ट्युबा, ट्रॉम्बोनचे आवाज काढणारं यंत्र म्हणून. सुरुवातीला पाच हजारांवर डबे दुकानांत गेले आणि मग मागणी जवळपास थांबली. कुणाला ट्युबा हवा असेल तर तो ट्युबावाल्याला बोलावणार, हे उघड होतं. त्याच 1962 मध्ये व्हेंचर्स या वाद्यसंगीताच्या चमूनं रेड ऱ्होड्स या स्टील गिटारवादकानं बनवलेल्या वेगळ्या डब्यावर ‘द 2000 पाउंड बी’ ही रेकॉर्ड काढली. तिच्यात गिटार कशाचीही नक्कल करत नाही. ती उघडपणे फाटलेली आहे आणि त्यातच रमलेली आहे. वाद्यसंगीतात फझचा, म्हणजे या फाटक्या आवाजाचा, इतका मोकळा वापर त्याआधी मला ऐकायला मिळालेला नाही, म्हणून माझ्या यादीत तिची जागा पक्की.

लंडनमध्ये डब्याची वाट कुणी पाहिली नाही. किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसकडे एल्पिको नावाचा स्वस्तातला छोटा ॲम्प्लिफायर होता. त्यानं दाढीच्या पात्यानं स्पीकरचा पडदा चिरला. 1964 मध्ये ‘यू रिअली गॉट मी’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्या वर्षी, मे 1965 मध्ये, हॉलिवूडच्या स्टुडिओत कीथ रिचर्ड्सनं ‘सॅटिस्फॅक्शन’ची सुरावट मेस्ट्रोच्या डब्यातून वाजवली. ती कच्ची खूण होती; नंतर तिथं पितळी वाद्यं यावीत असा त्याचा बेत होता. कच्ची खूणच रेकॉर्ड म्हणून निघाली, आणि दुकानांत धूळ खात पडलेले डबे वर्ष संपायच्या आत विकले गेले.

मेस्ट्रोमध्ये एक उणीव होती. त्याचा सूर भुंगा मरावा तसा तुटक विझायचा. दमसास अपुरा होता. जेम्स बॉण्डच्या शीर्षकसंगीतातली गिटार वाजवणारा व्हिक फ्लिक आपला डबा घेऊन लंडनच्या गॅरी हर्स्टकडे गेला तो हा सूर लांबवून मागायला. त्यातून 1965 चा ‘टोन बेंडर’ आला. 1966 मध्ये ‘फझ फेस’ आला, मायक्रोफोनच्या स्टँडच्या तळासारखा गोल. जिमी हेन्ड्रिक्सच्या पायाखाली तो होता. त्यातले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उष्णतेला हळवे असत. मंचावर दिवे तापले की आवाज बदलायचा, आणि एकाच बनावटीचे दोन डबे सारखे वाजत नसत.

आणि आता पुन्हा रात्र. अमेरिकेत मोठ्या शहरांतल्या एफएम स्टेशनांना मध्यम लहरींवरचाच कार्यक्रम जसाच्या तसा लावायला सरकारी नियमानं मर्यादा घातली. रिकामा वेळ भरायला काहीतरी हवं होतं. एप्रिल 1967 पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्सवर टॉम डोनाह्यू संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत मन मानेल त्या रेकॉर्डी, कितीही लांबीच्या, लावू लागला. त्याच वर्षी इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर नांगरलेल्या जहाजावरून जॉन पील मध्यरात्री बारा ते दोन असाच कार्यक्रम करत होता. गाणं तीन मिनिटांत आटपायची अट गेली आणि गिटारला मिळालेला दमसास पहिल्यांदा पुरता वापरता आला. 1967 च्या ‘द सुपरनॅचरल’मध्ये जॉन मेयॉलच्या चमूतला पीटर ग्रीन एक सूर इतका वेळ धरून ठेवतो की ऐकणाऱ्याचा श्वास आधी संपतो. तिथं डबाही नाही. ॲम्प्लिफायर आणि गिटार एकमेकांना भरवत राहतात.

आपल्याकडे 1970 आणि 1971 मध्ये एका सिगारेट कंपनीनं ‘सिमला बीट’ नावाची बँडची स्पर्धा घेतली. तिच्या ध्वनिमुद्रिकांत ठिकठिकाणच्या महाविद्यालयीन वयाच्या पोरांनी वाजवलेला फझ भरपूर आहे. त्याच 1971 मध्ये ‘दम मारो दम’साठी भूपिंदर सिंग यांनी मुंबईत गिटार वाजवली आणि विजेच्या गिटारची झिंग महाराष्ट्रातल्या गावोगावच्या तंबू टॉकीजपर्यंत गेली.

माझ्या यादीतली शेवटची रेकॉर्डही 1971 चीच: फंकाडेलिकची ‘मॅगट ब्रेन’. एडी हेझल तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता. चमूचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटन यानं त्याला सांगितलं की तुझी आई गेल्याची बातमी आली आहे असं समजून वाजव. हेझल दहा मिनिटं वाजवत राहिला. फझ आहे, प्रतिध्वनी आहे, आणि मधूनमधून गिटार खरोखर हंबरडा फोडते. बाकीचे वादकही त्या वेळी वाजवत होते. क्लिंटननं मिश्रण करताना त्यांचे आवाज जवळपास पुसून टाकले. दिवसाच्या रेडिओत एवढी जवळजवळ शब्दहीन दहा मिनिटं कुणी दिली नसती. कार्यक्रम संपायला तेवढीच मिनिटं उरली की मी ती लावतो, आणि मध्ये काही बोलत नाही.