वकील व्हायचंय, पण कोणाचा? लॉ कॉलेज निवडण्याआधी वाचायचा इतिहास

बारावीचा निकाल लागला की पेठ, सुरगाणा, हरसूल या पट्ट्यातून दरवर्षी एक प्रश्न येतो. पोराला किंवा पोरीला वकील व्हायचं आहे, कॉलेज कोणतं घ्यावं? शहाणी माणसं लगेच रँकिंगची यादी पुढे करतात. कुठे किती लाखांचं पॅकेज मिळतं तेही सांगतात. मात्र ज्या पोराला आपल्या माणसांसाठी कोर्टात उभं राहायचं आहे, त्याला या यादीचा फारसा उपयोग नाही. त्याने यादीच्या आधी इतिहास वाचावा असं आमचं म्हणणं आहे.

सुरुवात पेठपासूनच करू. पेठ हे एक छोटं संस्थान होतं. 1878 मध्ये बेगमच्या मृत्यूनंतर ते रीतसर खालसा झालं आणि नाशिक जिल्ह्यात आलं. त्याच 1878 साली इंग्रजांनी भारतीय वन कायदा केला. त्यात राखीव जंगल जाहीर करण्याची पद्धत ठरवून दिली होती. सरकार जाहीरनामा काढणार, निदान तीन महिन्यांची मुदत देणार आणि त्या मुदतीत ज्याचा जंगलावर हक्क असेल त्याने अधिकाऱ्यापुढे दावा मांडायचा. ज्या हक्काचा दावा आला नाही तो हक्क संपला.

कागदावर हे किती न्याय्य दिसतं! पण कोकणा, महादेव कोळी, वारली यांच्या पाड्यावर जाहीरनामा वाचणारं कोण होतं? दावा लिहिणारं कोण होतं? पिढ्यान्‌पिढ्या ज्या जंगलात नाचणी, वरई पिकवली, त्यात माणूस एका मुदतीनंतर अतिक्रमणदार ठरू शकत होता. जमीन काढून घ्यायला तलवार लागली नाही, कायद्याचं एक कलम पुरलं. संसदेने 2006 च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकात याला ‘ऐतिहासिक अन्याय’ म्हटलं, पण तोवर सव्वाशे वर्षं उलटून गेली होती.

म्हणून वकिली हा आपल्यासाठी प्रतिष्ठेचा प्रश्न नाही. आपल्या बाजूने कागद वाचणारा माणूस नसला तर काय होतं, हे आपण भोगलं आहे.

आता बाबासाहेबांकडे या. 1916 मध्ये त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये परतावं लागलं. 1920 मध्ये ते पुन्हा गेले आणि 1922 मध्ये बॅरिस्टर झाले. लंडनच का? त्या काळी वकिलांतही वर्ण होते. इथे शिकलेला वकील वेगळा आणि विलायतेहून आलेला बॅरिस्टर वेगळा. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेची मोठी कामं बॅरिस्टरांकडे जात. दार बंद होतं, म्हणून बाबासाहेबांनी त्या दाराची किल्ली मिळवली.

पण पुढचा भाग आपले पालक मुलांना सांगत नाहीत. एवढी मोठी पदवी घेऊन आल्यावरही सनदेच्या फीसाठी पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. 1923 मध्ये वकिली सुरू झाली, तर सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला काम देईनात. ग्रेज इनच्या नावाने जात पुसली गेली नाही. बाबासाहेबांनी अपिलांची आणि जिल्ह्यांतली कामं घेतली, पोटासाठी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. आणि खटले कोणते लढवले? 1926 मध्ये ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकावरून अडकलेल्या जेधे-जवळकरांना पुण्यात अपिलात सोडवून आणलं. 1934 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’साठी र. धों. कर्वे यांची बाजू घेतली आणि तो खटला हरले. हरण्याची शक्यता दिसत असतानाही ते उभे राहिले.

महाडचंच उदाहरण घ्या. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी घेतलं, हे आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावला, त्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. खटला महाडहून ठाण्याला आणि ठाण्याहून मुंबईला गेला. 17 मार्च 1937 ला हायकोर्टाने निकाल दिला की अस्पृश्यांना तळ्यावर मनाई करण्याची अनादी प्रथा सवर्णांना सिद्ध करता आलेली नाही. सत्याग्रह दोन दिवसांत गाजला, पण त्याचा हक्क कोर्टात टिकवायला जवळजवळ दहा वर्षं लागली. जनहिताची वकिली अशीच असते. टीव्हीवर दिसते तो तिचा लहानसा तुकडा.

याच काळात बाबासाहेब कायद्याचे शिक्षकही होते. 1928 मध्ये मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात प्राध्यापक आणि जून 1935 मध्ये प्राचार्य झाले. म्हणजे 13 ऑक्टोबर 1935 ला आपल्याच नाशिक जिल्ह्यात, येवल्याला, ज्यांनी धर्मांतराची घोषणा केली ते त्या वेळी एका सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते! 1936 मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातल्या कायद्याच्या शिक्षणात सुधारणा कशी व्हावी यावर लेखही लिहिला. पुढे 1956 मध्ये, महापरिनिर्वाणाच्या वर्षी, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय काढलं. वकील होऊन थांबायचं नाही, वकील घडवायची जागाही आपली हवी, हे त्यांनी करून दाखवलं.

बाबासाहेबांनंतरचा एक प्रसंग विदर्भातला. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. हायकोर्टाने पोलिसांना शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडून दिलं. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन उभं राहिलं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कॉलेज निवडताना हे पत्र आठवा. इमारत आणि एसी ग्रंथालय नंतर पाहा. तिथले शिक्षक निकाल चुकला तर बोलतात का, हे आधी विचारा.

मग आज काय करायचं? 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने वकिलांमधले जुने वर्ण कायद्याने मोडले. आता ‘अधिवक्ता’ हा एकच वर्ग आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकलेला आणि नाशिकच्या एनबीटी किंवा मविप्रच्या विधी महाविद्यालयात शिकलेला, दोघांची सनद एकच. व्यवहारात भेद उरला आहे, हे आम्ही नाकारत नाही. ज्यांना जमेल त्यांनी क्लॅट द्यावी आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत राखीव जागा हक्काने घ्याव्यात. ती परीक्षा इंग्रजीतच असते. वंचित घरांतल्या मुलांची तयारी करून घेण्यासाठी शमनाद बशीर यांनी 2010 मध्ये ‘इडिया’ सुरू केली, तिची मदत घ्या. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या कोर्टांत आपली माणसं हवीच आहेत.

पण चार गोष्टी तपासल्याशिवाय फॉर्म भरू नका.

पहिली, कर्ज. राष्ट्रीय विद्यापीठांची फी वर्षाला लाखांत जाते. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचा हिशेब आधी करा. डोक्यावर मोठं कर्ज असलेला पोरगा मनात असूनही पेठला परतत नाही, कंपनीची नोकरी धरतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, हिशेब आधी करायला हवा.

दुसरी, विधी सहाय्य केंद्र. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार ते प्रत्येक कॉलेजात असलंच पाहिजे. ते खरोखर चालतं की फक्त पाटी आहे? मुलं कोणत्या गावात गेली, कोणाचे अर्ज लिहिले, हे विचारा.

तिसरी, भाषा. तालुका आणि जिल्हा कोर्टाची भाषा मराठी, हायकोर्टाची इंग्रजी. जनहिताच्या वकिलाला दोन्ही लागतात. आणि पाड्यावरच्या म्हातारीचा जबाब घ्यायला कोकणीही लागते, ती कोणतंच कॉलेज शिकवत नाही. ती तुमच्याकडे आहे, ती विसरू नका.

चौथी, आपल्या मुलांची स्थिती. तिथे शिकणाऱ्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना गाठा. किती जण अर्ध्यात सोडून गेले आणि का, हे माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

बारावीनंतर लगेच जमलं नाही तरी काही बिघडत नाही. पदवी घेऊन तीन वर्षांचा एलएलबी करता येतो. बाबासाहेबही आधी अर्थशास्त्र शिकले, त्यांच्या वकिलीला त्याचाच आधार होता.

मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या पायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्यांची मोठी मागणी वनहक्काची होती. पुढच्याच वर्षी, 13 फेब्रुवारी 2019 ला, दावे फेटाळलेल्यांना जंगलातून हटवण्याचा आदेश सुप्रीम कोर्टाने दिला आणि 28 फेब्रुवारीला तो स्थगित केला. ते पंधरा दिवस लाखो कुटुंबांनी कसे काढले असतील? दावा का फेटाळला, नोटीस मिळाली का, वयस्कांचा जबाब पुरावा म्हणून नोंदवला का, हे विचारणारा माणूस गावातच हवा होता. 1878 मध्ये तो नव्हता. आज तो नसला तर दोष फक्त इंग्रजांना देता येणार नाही.

तेव्हा कॉलेज जरूर मोठं निवडा किंवा जवळचं निवडा. पण सनद घेऊन कोणाच्या बाजूने उभं राहायचं, हे फॉर्म भरायच्या आधी ठरवा.

जय भीम! जय जोहार!