नुसती खिचडी पुरत नाही : अंगणवाडीवरचं संशोधन राळेगाव तालुक्याला काय सांगतं?

राळेगाव : तालुक्यात सोयाबीनची सोंगणी आटोपत नाही तोच कापसाचा वेचा लागतो. घरातली बाई सकाळीच वावरात जाते आणि दोन-तीन वर्षांचं लेकरू आजीजवळ, मोठ्या बहिणीजवळ नाहीतर धुऱ्यावरच्या झोळीत राहतं. तीन वर्षांच्या वरचं असेल तर अंगणवाडीत जातं. तिथं ते काय करतं, असं विचारलं तर गावात ठरलेलं उत्तर मिळतं : "काय करते, खिचडी खाते अन् येते."

या उत्तरात पोषणाची अर्धी गोष्ट आहे. उरलेली अर्धी गोष्ट मागच्या काही वर्षांतल्या संशोधनातून पुढे आली असून त्यातलं एक महत्त्वाचं काम आपल्याच जिल्ह्यात झालं आहे.

आधी राज्याची स्थिती पाहू. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी, म्हणजे वाढ खुंटलेली आढळली. २०१५-१६ च्या चौथ्या सर्वेक्षणात हा आकडा ३४.४ टक्के होता. मधल्या काळात आहार वाटला गेला, वजनकाटे आले, मोबाईलवर नोंदी सुरू झाल्या, पण आकडा जागचा हलला नाही. उलट सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमधला रक्तक्षय ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेला. वाढ खुंटलेल्या मुलाची फक्त उंचीच कमी राहते असं नाही. बोलणं, समजणं, शाळेत टिकणं यातही ते मागे पडण्याचा धोका असतो.

मग अशा मुलाला फक्त जास्त खाऊ घातलं तर भागतं का? या प्रश्नावर जगात सर्वात जास्त दाखला दिला जातो तो जमैका या छोट्या बेटावरच्या देशाचा. किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधली ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुलं १९८६-८७ मध्ये निवडण्यात आली. काहींना दर आठवड्याला दुधाचा पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्य सेविका आठवड्यातून एकदा तासभर जाऊन, घरच्याच वस्तूंच्या खेळण्यांनी लेकराशी कसं खेळायचं आणि बोलायचं ते आईला दाखवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. दोन वर्षांनी हा प्रयोग थांबला. वीस वर्षांनी त्याच मुलांना शोधून काढलं, तेव्हा ज्यांच्या घरी खेळ आणि गप्पा पोहोचल्या होत्या त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. फक्त पूरक आहार मिळालेल्या गटात असा लांब पल्ल्याचा फरक दिसला नाही.

याचा अर्थ आहार बिनकामाचा, असा कुणी काढू नये. उपाशी लेकरू खेळत नाही हे सांगायला संशोधन लागत नाही. पण आहारासोबत बोलणं-खेळणं नसेल तर हाती फार उरत नाही, एवढं या अभ्यासातून दिसतं.

यवतमाळचा 'आरंभ'

हाच विचार महाराष्ट्रात 'आरंभ' या नावाने आला आणि त्याची सुरुवात झाली ती यवतमाळ व तेव्हाचं औरंगाबाद या दोन जिल्ह्यांतून. एकात्मिक बाल विकास सेवा योजना, युनिसेफ आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांनी मिळून तो उभा केला. भर होता शून्य ते तीन वर्षांच्या बाळांवर, म्हणजे जी अंगणवाडीत बसतच नाहीत त्यांच्यावर. सेविकांना थोडं-थोडं करून प्रशिक्षण देण्यात आलं. त्यांनी घरी जाऊन आई-बापाला, आजी-आजोबांना सांगायचं आणि गावात 'पालक मेळावा' घ्यायचा. मेळाव्यात भाषणाऐवजी वेगवेगळे कोपरे मांडायचे आणि पालकांनी लेकरासोबत खाली बसून खेळायचं.

यातल्या गोष्टी ऐकायला अगदी साध्या वाटतात. बाळ आवाज काढतं, त्याला उत्तर द्यायचं. अंघोळ घालताना हात, पाय, नाक यांची नावं घ्यायची. झाकण घट्ट लावलेल्या डबीत तुरीचे दाणे टाकून खुळखुळा करायचा. जुन्या लुगड्याआड तोंड लपवून 'बुवा कुकूक' करायचं. बापानेही करायचं, हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्याकडे लहान लेकरू म्हणजे बाईचंच काम समजलं जातं. २०२४ मध्ये केंद्र सरकारने याच वयासाठी 'नवचेतना' हा आराखडा आणला. त्यात जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या १४० कृती आहेत. तीन ते सहा वर्षांसाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रम आहे.

सेविकेचा वेळ कुठं जातो?

कागद तयार आहे, पण वेळ कुणाजवळ आहे? हा खरा अडलेला मुद्दा आहे. सेविकेला वजन-उंची घ्यायची असते, पोषण ट्रॅकरवर नोंदी करायच्या असतात, घरपोच आहार वाटायचा असतो, लसीकरणाच्या दिवशी बाया गोळा करायच्या असतात, गृहभेटी द्यायच्या असतात. त्यात सर्व्हे येतात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरण्याचं कामही सेविकांकडे आलं होतं. एवढं सगळं करून शिकवायला उरतो तो वेळ मोजका.

तमिळनाडूत नेमकं हेच तपासलं गेलं. कार्तिक मुरलीधरन, अलेहांद्रो गानिमियन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या अर्थशास्त्रज्ञांनी ६४० अंगणवाड्या घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने त्यातल्या निम्म्या निवडून तिथे अर्धवेळ एक जादा बाई नेमली. तिचं काम एकच, मुलांना शिकवणं. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षाने त्या अंगणवाड्यांतली मुलं भाषा आणि गणितात इतरांच्या स्पष्ट पुढे होती. खरी नवलाची गोष्ट वेगळीच. जादा बाई फक्त शिकवत होती, पण वाढ खुंटलेल्या आणि तीव्र कुपोषित मुलांचं प्रमाणही त्या अंगणवाड्यांत कमी झालं, कारण जुन्या सेविकेला पोषण आणि आरोग्याकडे लक्ष द्यायला सवड मिळाली. अभ्यासकांच्या हिशेबाने पुढच्या आयुष्यातल्या कमाईच्या रूपाने मिळणारा फायदा खर्चाच्या १३ ते २१ पट भरतो.

सेविकेचं मानधन वाढावं म्हणून राज्यात संप झाले, २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेला तर दीड महिन्यावर चालला. त्या चर्चेत मानधनासोबत मनुष्यबळाचाही प्रश्न तितक्याच जोरात यायला हवा होता, तो आला नाही.

राळेगाव तालुक्यात यात आणखी एक पेच आहे. कोलाम पोडांवरचं लेकरू घरी कोलामी बोलतं, गोंड घरांमध्ये अनेक ठिकाणी गोंडी चालते. अंगणवाडीत एकदम मराठी कानावर पडते. ज्या वयात बोलण्यातूनच मेंदू घडतो, त्या वयात लेकरू गप्प बसून राहिलं तर वर सांगितलेला फायदा त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा? पोडातलीच शिकलेली मुलगी जादा मदतनीस म्हणून घेणं हा तमिळनाडूच्या प्रयोगाचा इथला सरळ उपयोग ठरू शकतो. संशोधन झालं म्हणजे ते धोरणात येतंच असं नाही, पण विदर्भात ते घडलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या ठरावीक भेटी देतात, त्या त्याच कामातून २०११ मध्ये देशभर सुरू झाल्या.

पालकांनी काय पाहावं, काय विचारावं

सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या दंडाचा घेर अंगणवाडीत पट्टीने मोजून मागता येतो. घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण, म्हणजे सॅम. ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर मध्यम, म्हणजे मॅम. सॅम बाळाला ताप, सूज किंवा खाण्याची अनिच्छा असेल तर गावात उपचार करत बसू नये, पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावं. मजुरी बुडेल म्हणून थांबणारे पालक आहेत. त्यांना आशाताई आणि सेविकेनेच नाही, तर शेजाऱ्यांनीही समजवायला पाहिजे.

तीन वर्षांवरच्या मुलाच्या पालकांनी आज काय खाल्लं यासोबत आज कोणतं गाणं झालं, कोणती गोष्ट सांगितली, हेही लेकराला विचारावं. सलग काही दिवस उत्तर येत नसेल तर पालक मेळाव्यात किंवा ग्रामसभेत विषय काढावा. बोट सेविकेवर न रोखता, तिच्याकडे सध्या कोणकोणती कामं दिली आहेत हे आधी विचारावं. पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांच्याकडे लेखी मागणी करता येते. वेचणीच्या हंगामात दिवसभर लेकरं सांभाळण्यासाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर देण्याची तरतूद केंद्राच्या 'पाळणा' योजनेत आहे, तीही ग्रामसभेच्या ठरावातून मागता येईल.