केळीची दोन कुळे

केळीला लोक झाड म्हणतात, पण तिला लाकडी खोड नसते. तिचे खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. वर उभा दिसणारा बुंधा सोपटे एकात एक घट्ट बसून तयार होतो, आणि त्याच्या गाभ्यातून सुरळी उलगडत दोन-तीन मीटर लांबीचे पान बाहेर पडते. वाऱ्याने पान शिरांच्या रेषेत फाटत जाते. त्या चिरांमधून वारा निघून जात असल्याने बुंध्यावरचा जोरही कमी होतो. केळ एकदा निसवली, घड उतरला, की तो बुंधा संपतो; पुढची पिढी कंदाला फुटलेल्या मुनव्यांतून येते. फळात बी नसते. आज बागेत असलेली प्रत्येक केळ माणसाने मुनवा काढून दुसरीकडे लावला म्हणून टिकली आहे, आणि हा क्रम हजारो वर्षांत तुटलेला नाही.

बी का नसते याचे उत्तर तिच्या जन्मात आहे. खाण्याच्या केळीमागे प्रामुख्याने दोन रानटी जाती आहेत. मुसा ॲक्युमिनाटा ही मलेशिया, इंडोनेशिया, न्यू गिनीच्या दमट जंगलांतली, आणि मुसा बाल्बिसियाना ही ईशान्य भारत, म्यानमार, दक्षिण चीनच्या पट्ट्यातली. दोघींना तुरिन या शहरातल्या लुइजी कोला या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२० मध्ये नावे दिली. दोघींच्या फळांत काळ्या, टणक बिया गच्च भरलेल्या असतात, गर थोडाच. ॲक्युमिनाटाच्या काही झाडांत परागीभवनाशिवाय गर भरण्याचा गुण आला. अशी झाडे माणसाने निवडली आणि आपल्याबरोबर नेली. न्यू गिनीतील कुक येथील दलदलीच्या जमिनीत केळीच्या लागवडीच्या खुणा सापडल्या आहेत आणि त्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. ही झाडे पश्चिमेकडे, मुख्य भूमीवर, बाल्बिसियानाच्या मुलखात पोचली तेव्हा दोन कुळांचा संकर झाला. संकरातल्या अनेक झाडांत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आले. अकराचे तीन संच मिळून तेहेतीस होतात, त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि बी धरत नाही.

सह्याद्रीत पावसाळ्यात कड्यांवर मोठाली पाने पसरणारी चवई, जिला रानकेळही म्हणतात, ती या दोघींपैकी कोणी नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी तिला मुसाच्या वंशात घातले होते; १९४० च्या दशकाच्या अखेरीस अर्नेस्ट चीझमन यांनी तिला एन्सेटी या वेगळ्या वंशात नेले. तिला मुनवे फुटत नाहीत, ती फक्त बियांपासून येते आणि एकदा फळली की मरते. दिसायला केळच, पण बागेतल्या केळीच्या वंशावळीत तिला जागा नाही.

युरोपच्या वनस्पतिशास्त्रात केळीचे वर्णन आले ते मोठ्या प्रमाणात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून. गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ गोव्यात १५६३ मध्ये छापला गेला. त्यात तिचे वर्णन ‘भारतीय अंजीर’ म्हणून येते. १६७८ पासून ॲम्स्टरडॅमला छापल्या गेलेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथाच्या पहिल्याच खंडात केळीची मोठी चित्रे आहेत. या ग्रंथासाठी इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी विद्वान राबले, आणि त्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र त्याच खंडात छापलेले आहे. युरोपच्या शास्त्राने भारतीय माणसांच्या ज्ञानाला इतकी उघड पोच क्वचितच दिली आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी नेदरलँड्समधील हार्टेकँप येथे जॉर्ज क्लिफर्ड यांच्या काचगृहात केळ फुलवली. आधी काही आठवडे पाणी तोडले, मग भरपूर दिले, आणि केळ निसवली. त्यावर त्यांनी १७३६ मध्ये एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. १७५३ मध्ये त्यांनी केळीला मुसा पॅराडिसियाका असे नाव दिले. संकराची कल्पना नसताना ठेवलेले ते नाव आज गुणाकाराच्या चिन्हासह या दोन कुळांच्या संकरासाठी वापरले जाते.

दोन पूर्वज नेमके कोणते, हे त्रिनिदादमधील कामातून पुढे आले. चीझमन यांनी पाया घातला, आणि १९५५ मध्ये नॉर्मन सिमंड्स व केनेथ शेफर्ड यांनी पंधरा लक्षणांची मोजपट्टी मांडली. ही पद्धत इतकी साधी आहे की ती आजही बागेत उभे राहून वापरता येते. ॲक्युमिनाटाच्या बुंध्यावर तपकिरी-काळे डाग असतात, बाल्बिसियानाचा बुंधा जवळपास स्वच्छ. पानाच्या देठावरची पन्हळ एकीत उघडी, दुसरीत कडा मिटून बंद. केळफुलाची दले ॲक्युमिनाटात उघडल्यावर मागे गुंडाळली जातात. बाल्बिसियानात ती उचलली जातात, गुंडाळली जात नाहीत. प्रत्येक लक्षणाला एक ते पाच गुण. शुद्ध ॲक्युमिनाटाचे पंधरा, शुद्ध बाल्बिसियानाचे पंच्याहत्तर, संकर मधे कुठे तरी. पहिल्या कुळाच्या संचाला ‘ए’ आणि दुसऱ्याच्या संचाला ‘बी’ अशी अक्षरे तेव्हापासून रूढ झाली. पुढे गुणसूत्रे आणि जनुके तपासून काही वाणांची जागा बदलली, पण चौकट टिकली.

या चौकटीत महाराष्ट्रातल्या केळी बसवल्या की राज्याच्या बागायतीचा एक दुर्लक्षित इतिहास दिसतो. कोकण आणि वसईच्या वाड्यांतल्या जुन्या केळी बहुतेक दोन्ही कुळांच्या. सफेद वेलची ‘एबी’, लाल वेलची ‘एएबी’, भाजीची बनकेळ ‘एबीबी’. राजेळीही ‘एएबी’. तिचा लांब, कोनदार, पिठूळ फळांचा घड उतरवून, पिकवून, सोलून उन्हात वाळवला की सुकेळी होते. आगाशीची सुकेळी याच राजेळीची. राजेळीच्या गरात स्टार्च जास्त असतो, आणि स्टार्च जास्त असणे हे बाल्बिसियानाकडून आलेल्या संकरांचे सर्वसाधारण लक्षण आहे.

जळगावचा इतिहास याच्या उलट दिशेने गेला. तिथली बसराई ही ठेंगणी कॅव्हेंडिश, म्हणजे ‘एएए’. तिच्या अंगात बाल्बिसियाना अजिबात नाही. हा गट इंग्लंडमध्ये पोचला तो मॉरिशसहून. चॅट्सवर्थच्या काचगृहात जोसेफ पॅक्स्टन यांनी तो वाढवला, १८३५ मध्ये फुलवला आणि मालक ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांचे नाव त्याला लागले. खानदेशच्या काळ्या, खोल जमिनीत आणि विहिरीच्या पाण्यावर बसराईने मृगबाग व कांदेबाग हे दोन हंगाम उभे केले. रावेर, सावदा, निंभोरा या स्थानकांवरून घड उत्तर भारताकडे जाऊ लागले. नंतर ऊतिसंवर्धित रोपांसह ग्रँड नैन आली. शेतकरी तिला ‘जी-नाईन’ म्हणतात. तीही कॅव्हेंडिशच. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. बाजाराच्या दृष्टीने हे यश निर्विवाद आहे. मात्र राज्याच्या व्यापारी बागांतून एक अख्खे कूळ जवळपास बाहेर पडले.

या बदलाचा अर्थ कोरड्या मुलखात अधिक स्पष्ट होतो. उदाहरणार्थ, धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातले सोनारी हे काळभैरवनाथाचे ठाणे. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. देवकार्याला, सत्यनारायणाला केळीचे खांब आणि पान इथेही हवेच. त्यासाठी विहिरीच्या थारोळ्याशी किंवा न्हाणीच्या सांडपाण्यावर चार केळी जगवणे ही कोरड्या गावांची जुनी पद्धत. व्यापारी बाग ही मात्र धरणांनंतरची गोष्ट. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनीच्या पाण्याने शेजारच्या करमाळा तालुक्यात कंदरसारखा निर्यातीचा पट्टा घडवला. परंड्यात सीना-कोळेगाव धरण झाले. या बागांतली केळ कॅव्हेंडिश गटातली, पाण्याच्या ताणाला हळवी आहे. संशोधनात ‘बी’ संच असलेले वाण पाण्याचा ताण तुलनेने चांगला सोसताना आढळतात, आणि अवर्षणाच्या प्रदेशाने निवडली ती नेमकी ‘बी’ नसलेली केळ. ठिबकाने ती जगते, पण धरण कोरडे पडले की शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही. विद्यापीठांनी मराठवाड्यासाठी ‘एएबी’ वाणांची गंभीर चाचणी घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

संकराचे गुण विनाखर्चाचे मात्र नाहीत. बाल्बिसियानाच्या जनुकसंचातच एका विषाणूचे तुकडे शिरलेले आहेत. ताण पडल्यास किंवा नवा संकर केल्यास ते जागे होऊन पानांवर रेषांचा रोग आणू शकतात. त्याउलट कॅव्हेंडिशला भीती पनामा मररोगाच्या चौथ्या उष्णकटिबंधीय प्रकाराची. याच मररोगाच्या जुन्या प्रकाराने विसाव्या शतकात ग्रो मिशेल हा निर्यातीचा वाण संपवला आणि कॅव्हेंडिशला जागा करून दिली. नवा प्रकार बिहार व उत्तर प्रदेशात पोचला आहे. बी न धरणाऱ्या पिकात नवा वाण काढणे हे अत्यंत चिवट काम. हजारो फुलांवर पराग टाकून मूठभर बिया हाती येतात. म्हणून शास्त्रज्ञ पुन्हा रानटी पूर्वजांकडे वळले. ऑस्ट्रेलियात ॲक्युमिनाटाच्या मलाक्सेन्सिस या उपजातीतले एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घालून मररोगाला तोंड देणारी केळ तयार करण्यात आली आणि २०२४ मध्ये तिला तिथे मान्यता मिळाली.