दुर्गदबैलाचे पाणी

हुबळीतील दुर्गदबैलाचा शेतकऱ्याच्या बैलाशी काही संबंध नाही. कानडीत ‘बैलु’ म्हणजे मोकळे मैदान. हे किल्ल्याचे मैदान होय. आज तेथे गजबजलेली बाजारपेठ आहे. हुबळीची श्रीमंती मात्र त्याहून जुनी. १६७३ साली अण्णाजी दत्तोंच्या फौजेने हे शहर लुटले, ते उगीच नव्हे. नवल हे, की एवढी पेठ नदीवाचून वाढली.

याचे कारण भूमीच्या ठेवणीत आहे. हुबळी-धारवाडचा प्रदेश म्हणजे पाणलोटाचा माथा. धारवाडला उगम पावणारी शाल्मला बेडतीला मिळून अरबी समुद्राकडे उतरते. तर हुबळीच्या पूर्वेचा बेण्णीहळ्ळ मलप्रभेला व पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराचा मार्ग धरतो. माथ्यावर पाणी थांबावे कसे? पूर्वेकडे काळी कापसाची जमीन. तीतील विहिरींचे पाणी पुष्कळदा मचूळ. तेव्हा उणकलसारख्या तलावांवर भिस्त ठेवणे प्राप्त होते.

शहर वाढले तसे तलाव अपुरे पडले. मग बेडतीच्या खोऱ्यातील नीरसागर आला, आणि पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या खिंडीत अडविलेल्या मलप्रभेचे पाणी. म्हणजे हुबळीकर दोन्ही समुद्रांच्या वाटेवरचे पाणी पितात!

ही मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीस उगम पावते. तेथेच म्हादईच्या खोऱ्यातील कळसा ओढाही आहे. कळसा व बंडुरी ओढ्यांचे ३.९० अब्ज घनफूट पाणी मलप्रभेत वळविण्यास जललवादाने २०१८ साली मान्यता दिली. निर्णयाने कोणाचेच समाधान झाले नाही. कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र, तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.