घरातली गोष्ट

"घरातली गोष्ट घरातच राहावी" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. आमच्या एडवणसारख्या गावात, जिथे जो तो कुणाचा तरी काका नाहीतर मामा लागतो, ते जरा जास्तच ऐकू येते. भावाभावांच्या भांडणात ते शहाणपणाचे असेलही. पण घरातल्याच माणसाने एखाद्या मुलीवर किंवा मुलावर हात टाकला असेल, तर हे वाक्य वाचवते कुणाला?

या प्रश्नाशी आलो की मला जुने पुणे आठवते. काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा एका घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. लोकलज्जेपोटी तिने जन्मलेल्या बाळाचा जीव घेतला आणि जन्मठेप भोगायला अंदमानला गेली. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा, असे त्यांनी जाहीर केले.

घराबाहेर न पडणाऱ्या विधवेला दिवस जात, तेव्हा तो पुरुष बहुधा घरातला किंवा घरी येणाजाणारा असणार, हे सगळ्यांना कळत होते. बोलत कुणी नव्हते.

इथे मला एक फरक दिसतो. फुल्यांच्या घरातली गुप्तता त्या बाईच्या हातात होती. सासरच्या घरातली चुप्पी तिच्यावर लादलेली होती. पहिलीने जीव वाचत, दुसरीने माणूस आतून पोखरला जातो.

लहान मुलाचे तर आणखी अवघड. ज्याने इजा केली त्याच्याच ताटात जेवायचे, सणाला त्याच्याच पाया पडायचे. आई सांभाळून घ्यायला सांगते. मग मूल दोष स्वतःकडे घेते: माझेच काही चुकले असेल. कुणी आपल्याच आठवणीवर शंका घेऊ लागते. ही अपराधी भावना, झोपेतून दचकून उठणे, कुणावरच विश्वास न बसणे, हे सगळे पुढे संसारातही येऊ शकते. म्हणूनच कित्येक जण बोलतात ते चाळिशी-पन्नाशीत. "इतकी वर्षे गप्प का?" हा प्रश्न त्यांना पुन्हा एकदा आरोपी करतो.

न ऐकण्याचा रोग आपलाच नव्हे. फ्रॉइडने १८९६ मध्ये हिस्टेरियाचे मूळ बालपणीच्या लैंगिक अत्याचारात आहे असे मांडले, आणि पुढच्याच वर्षी तो त्यावरून मागे हटू लागला.

भारत सरकारने २००७ साली १३ राज्यांतील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला होता. बहुतेकांनी तो आधी कुणालाच सांगितला नव्हता. २०१२ मध्ये पॉक्सो कायदा आला. नातेवाइकाने केलेला अत्याचार त्यात अधिक गंभीर धरला आहे, आणि मुलाचे नाव गुप्त ठेवणेही बंधनकारक आहे. म्हणजे झाकायचे ते मुलाचे नाव, गुन्हा नव्हे.

कायद्याला हे लिहायला फुल्यांनंतर जवळजवळ दीडशे वर्षे लागली. घरांना किती लागतील? निदान कुणी बोलायला लागले, तर "तुझ्यावर माझा विश्वास आहे" एवढे म्हणायला कायदा लागत नाही.