जंगम मालमत्ता (वनोपजाच्या संदर्भात)

जंगम मालमत्ता : स्थावर नसलेली सर्व मालमत्ता. जमीन, जमिनीपासून मिळणारे लाभ आणि जमिनीला जखडलेल्या वस्तू या स्थावर; १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम उरलेले सगळे जंगमात टाकतो. बैल, भांडी, दागिने यांच्याबाबत वाद नसतो. चंद्रपूर-गडचिरोलीत तो उद्भवतो, कारण इथला विकाऊ माल बहुधा काल-परवापर्यंत जंगलात मुळांवर उभा असतो.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम उभे इमारती लाकूड, पीक व गवत स्थावरातून वगळतो. नेमके कोणते झाड ‘उभे लाकूड’, याची कसोटी शांताबाई वि. मुंबई राज्य (१९५८) खटल्यात न्या. व्हिव्हियन बोस यांनी दिली. ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. लवकरच तोडायचे ठरलेले झाड जंगम, मातीवर पोसत राहायचे ते स्थावर. शांताबाईंना जमीनदार पतीने बांबू, सरपण व साग तोडून नेण्याचा हक्क लिहून दिला होता. हक्क स्थावराचा, दस्त मात्र नोंदवलेला नव्हता. तो टिकला नाही.

एरवी वस्तू ज्याच्या ताब्यात, तो मालक नाही हे तसे म्हणणाऱ्याने सिद्ध करायचे असते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम ६९ हे उलटे करते : वनोपज सरकारचा आहे का, असा प्रश्न निघाल्यास विरुद्ध सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच. डोक्यावर मोळी असलेल्या बाईवर पुराव्याचा भार टाकणारे हे कलम अभ्यासक्रमात फारसे शिकवले जात नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला आणि त्यात बांबू, तेंदूपत्ता, मध, लाख यांची नावे घातली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. पण वन अधिनियमाच्या लेखी बांबू ‘झाड’ होता, आणि वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती. तोडलेला बांबू ग्रामसभेचा, पण नाक्यापलीकडे नेता येत नाही, अशी ही विचित्र मालकी! २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केले, तेव्हा विक्रीची वाट मोकळी झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला. तिथेही बांबू हेच उत्पन्नाचे मुख्य साधन ठरले. २०१७ च्या अध्यादेशाने बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून निघाला, पण जंगलातून आणलेला बांबू वनोपजच राहिला.

वनहक्क वारसाने मिळतो. तो विकता वा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. त्या हक्काने तोडलेला माल मात्र खुशाल विकता येतो. हक्क आणि वस्तू यांतला हा फरक विद्यार्थ्याला इथे जितका स्वच्छ दिसतो तितका पुस्तकातल्या उदाहरणांत दिसत नाही.

तेंदूच्या हंगामात प्रश्न येतो तो मालकी हस्तांतराच्या क्षणाचा. पाने तोडून पुडे बांधतात, फळीवर (संकलनाच्या जागी) मोजून देतात आणि तिथेच वाळत घालतात. मे महिन्यात अवकाळी पाऊस आला की भिजलेल्या पुड्यांचे नुकसान कोणाचे? १९३० च्या मालविक्री अधिनियमानुसार, वेगळे ठरलेले नसेल तर, जोखीम मालकाबरोबर जाते. मोजणीनंतर माल ठेकेदाराचा झाला की वाळवून भरेपर्यंत गावाचाच राहिला, हे करारातील शब्दांवर ठरते. म्हणून लिलावाच्या वेळी ग्रामसभेने भावाइतकीच घासाघीस या कलमावर करायला हवी.