गोव्यातील मराठी : राजभाषा कायद्यातील स्थान

गोव्याची राजभाषा कोंकणी. मराठीला हा किताब नाही, पण सरकारी कामकाजात वापराची मुभा आहे. गोवा, दमण व दीव विधानसभेने ४ फेब्रुवारी १९८७ रोजी संमत केलेल्या कायद्यात देवनागरी लिपीतील कोंकणीला राजभाषा केले आणि सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी मराठीचाही वापर करता येईल, असे लगोलग जोडून दिले. दमण-दीवपुरती गुजरातीची सोय झाली. मराठीत आलेल्या पत्राला मराठीतच उत्तर द्यायचे, असे गोवा सरकारचे धोरण आहे.

ही तडजोड समजायला थोडे मागे जावे लागते. १६१६ साली राचोलला छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत आहे. १६४० साली प्रसिद्ध झालेले त्यांचेच व्याकरण मात्र कोंकणीचे. पुढेही हिंदू घरांत बोलणे कोंकणीतून आणि भजन, कीर्तन, वर्तमानपत्र मराठीतून, अशी वाटणी राहिली. ख्रिस्ती समाजाने कोंकणी रोमी लिपीत लिहिली, तियात्राच्या रंगभूमीवर गाजवली. मराठी ही आपलीच भाषा, असे म्हणणाऱ्या गोवेकराला बाहेरचा ठरवणे म्हणूनच अवघड जाते.

१९६१ साली पोर्तुगीज गेले आणि हा प्रश्न राजकारणात उतरला. १९६३ मध्ये दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. १९६४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मडगावला भरले, तेव्हा अध्यक्षपदी नाशिकचे वि. वा. शिरवाडकर होते.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि वेगळ्या गोव्यासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. महाराष्ट्रात जाण्याचा मार्ग बंद झाला, पण भाषेवर कोणी शिक्का मारला नव्हता! साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले. पुढे कोंकणीला राजभाषा करण्यासाठी १९८५-८६ चे आंदोलन पेटले, त्यात माणसांचे जीव गेले, आणि त्यातूनच प्रतापसिंह राणे सरकारच्या काळात हा कायदा आला. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले. कोंकणी १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली.

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांताने १९६९ च्या कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच दोघींना राजभाषा केले. गोव्याने दोन भाषांना कामाला लावले, मान मात्र एकीलाच दिला.

व्यवहारात दोघींच्याही वर इंग्रजी बसली आहे. सचिवालयातल्या फायली बहुतांशी तिच्यातच चालतात. २०११ च्या जनगणनेत गोव्यात कोंकणी मातृभाषा सांगणारे सुमारे ६६ टक्के होते, मराठी सांगणारे सुमारे ११. मराठीच्या वाचकांचा अंदाज या ११ टक्क्यांवरून बांधू नये, कारण मातृभाषा कोंकणी नोंदवून सकाळी मराठी पेपर उघडणारी घरे तिथे जागोजाग आहेत.

कायदा बदलण्याची मागणी अजून दोन बाजूंनी होते: मराठीवाद्यांना राजभाषेचा पूर्ण दर्जा हवा आहे, तर रोमी कोंकणीच्या समर्थकांना व्याख्येतली देवनागरीची अट खुपते.